रोमान्स भाषांचे अध्ययन आणि लॅटिनचे साह्य : एका जुन्या वादाचा इतिहास

जॉन स्टुअर्ट मिल याने १८६७ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठाचा रेक्टर या नात्याने दिलेल्या व्याख्यानात लॅटिनच्या बाजूने एक हिशेबी मुद्दा मांडलेला आहे. लॅटिनवाचून युरोपखंडातील एक अर्वाचीन भाषा शिकण्यास जेवढे श्रम पडतात, त्यांहून कमी श्रमांत लॅटिन जाणणारा मनुष्य तशा चारपाच भाषा आत्मसात करू शकतो, असा त्याचा आशय. मिलचा स्वतःचा अनुभव या म्हणण्याच्या पाठीशी होता. वयाच्या तिसऱ्या वर्षी त्याने ग्रीकला आणि आठव्या वर्षी लॅटिनला आरंभ केला, आणि चौदाव्या वर्षी तो फ्रान्समध्ये जाऊन राहिला तेव्हा फ्रेंच भाषा त्याने लॅटिनच्या मागून मिळविली. पुढे लॅटिनच्या समर्थकांनी हाच मुद्दा इतक्या वेळा उच्चारला की त्याला प्रमाणाची गरज आहे, हे कोणाच्या ध्यानातही राहिले नाही.

मिलच्या सुमारे आठ दशके आधी बेंजामिन फ्रँक्लिन याने आपल्या आत्मचरित्रात याच्या नेमका उलट अनुभव नोंदविला होता. बोस्टनच्या लॅटिन शाळेत तो लहानपणी वर्षभरही टिकला नव्हता आणि तेथे शिकलेले सर्व तो विसरून गेला होता. १७३३ साली त्याने आपणहून फ्रेंचचा अभ्यास आरंभिला, मग इटालियन घेतली, आणि पुढे स्पॅनिशही वाचण्यापुरती साध्य केली. इटालियन शिकणाऱ्या एका सोबत्याबरोबर बुद्धिबळ खेळताना हरणाऱ्याने जिंकणाऱ्याने सांगितलेला व्याकरणाचा पाठ करावयाचा, असा त्यांचा करार होता. या तीन भाषा झाल्यावर एके दिवशी लॅटिन बायबल सहज चाळले असता आपल्याला त्यातले अपेक्षेपेक्षा पुष्कळ कळते, हे पाहून तो चकित झाला. त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष असा की, शाळांतील क्रम उलटा आहे. जिन्याच्या पायऱ्या न चढता कोणी कसाबसा माथ्यावर पोहोचला, तर उतरताना त्याला पायऱ्या सोप्या जातील यात शंका नाही. परंतु खालच्या पायरीपासून आरंभ करणारा माथ्यावर अधिक सुखाने पोहोचतो.

एकच जिना, एकाच्या मते वरून खाली यावयाचा आणि दुसऱ्याच्या मते खालून वर जावयाचा. मिल आणि फ्रँक्लिन हे दोघेही अनुभवाचेच बोलत होते, तेव्हा दोघांपैकी एकाला चुकीचा ठरवून हा प्रश्न सुटणारा नाही. ‘लॅटिन’ या शब्दाने कोणती भाषा अभिप्रेत आहे आणि ‘साह्य’ म्हणजे नक्की कशात साह्य, या दोन गोष्टींची उत्तरे शतकाशतकांत बदलत गेली आहेत. वादाचा इतिहास पाहावयाचा तो त्यासाठी.

आरंभी हा प्रश्न संभवतच नव्हता. रोमन साम्राज्याच्या पश्चिम भागात लोक जे बोलत ते आणि लेखक जे लिहीत ते, या दोहोंत अंतर पडत चालले होते खरे. परंतु त्या दोन भिन्न भाषा आहेत अशी जाणीव बोलणाऱ्यांना नव्हती. ‘आपेंदिक्स प्रोबी’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या जुन्या शुद्धाशुद्धाच्या यादीत सव्वादोनशेच्या आसपास नोंदी आहेत, आणि प्रत्येकीत शुद्ध रूप आधी देऊन अशुद्ध टाळण्यास सांगितले आहे. ‘स्पेकुलुम’ म्हणावे, ‘स्पेक्लुम’ नव्हे; ‘आउरिस’ म्हणावे, ‘ओरिक्ला’ नव्हे. गंमत अशी की, आरशाला इटालियनमध्ये ‘स्पेक्यो’ आणि स्पॅनिशमध्ये ‘एस्पेखो’ म्हणतात, कानाला फ्रेंचमध्ये ‘ओरेय’ आणि स्पॅनिशमध्ये ‘ओरेखा’ म्हणतात, आणि हे सर्व शब्द त्या पंतोजीने त्याज्य ठरविलेल्या रूपांपासून आलेले आहेत. शाळेत शिकविली जाणारी लॅटिन आणि रोमान्स भाषांची जननी यांच्यातील भेदाची ही पहिली लेखी साक्ष म्हणावयास हरकत नाही, आणि पुढील सर्व विवेचनाचे बीज तीतच आहे.

ताटातूट झाली ती शार्लमेनच्या काळात. रॉजर राइट याने १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, आठव्या शतकाच्या अखेरीपर्यंत गॉलमधील पाद्री लिखित लॅटिन आपल्या बोलीच्याच उच्चाराने वाचीत; लिपी जुनी, उच्चार नवा, एवढाच भेद. अल्क्विन हा इंग्लंडातून आलेला पंडित. त्याच्या देशात लॅटिन ही कोणाचीच मातृभाषा नसल्यामुळे ती अक्षरागणिक उच्चारून शिकविण्याची रीत होती. तीच रीत त्याने फ्रँक राज्यात रूढ केली, आणि प्रार्थनामंदिरात वाचले जाणारे लोकांना एकाएकी समजेनासे झाले. राइटचे मत सर्वमान्य झालेले नाही. तथापि ८१३ साली तूर येथील धर्मसभेने प्रवचने ग्राम्य रोमन भाषेत अथवा जर्मन भाषेत करावीत असा ठराव केला, आणि ८४२ साली स्ट्रासबुर्ग येथे घेतलेल्या शपथा नितार्द या इतिहासकाराने त्या ग्राम्य भाषेतच लिहून ठेविल्या, या दोन घटना त्या मताशी चांगल्या जुळतात. लॅटिन ही ‘दुसरी’ भाषा झाली ती तेव्हा. ज्याने तिला शुद्ध केले, त्यानेच तिला परकी केले.

तेथून पुढे जवळजवळ हजार वर्षे विद्यार्थ्याचा प्रवास फ्रँक्लिन म्हणतो त्या दिशेनेच होत होता, ही गोष्ट या वादात क्वचितच लक्षात घेतली जाते. फ्रान्स, इटली, स्पेन, पोर्तुगाल येथील मुलगा रोमान्स भाषा आईच्या मांडीवर शिके आणि लॅटिन शाळेत. दान्ते याने चौदाव्या शतकाच्या आरंभी लोकभाषेची महती लॅटिनमध्येच लिहून सांगितली. लोकभाषा निसर्गतः येते, ‘ग्रामातिका’ मात्र दीर्घ अभ्यासाने आणि थोड्यांनाच साध्य होते, असा भेद त्याने केला. लॅटिनला तो ‘व्याकरण’ असेच म्हणतो, हे सूचक आहे. संस्कृत या नावातही ‘संस्कार केलेली’ हाच भाव आहे, हे मराठी वाचकाला सांगावयास नको.

स्पेनमधील आंतोनिओ दे नेब्रिहा याने या दिशेला सिद्धान्ताचे रूप दिले. त्याचे लॅटिन व्याकरण १४८१ साली निघाले. पुढे राणी इसाबेला हिच्या इच्छेवरून त्याने त्याला समोरासमोर कास्तिलियन भाषांतर जोडले. पुरुष शिक्षकांवाचून जोगिणींनाही लॅटिन शिकता यावी, हा त्यातील एक हेतू. नंतर १४९२ साली त्याने कास्तिलियन भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि प्रस्तावनेत त्याचे जे उपयोग सांगितले, त्यांपैकी एक हा की, स्वभाषेचे व्याकरण जाणणाऱ्यास लॅटिनचे व्याकरण सुलभ होईल. म्हणजे साह्य कन्येने मातेला करावयाचे. याच ग्रंथात नेब्रिहाने एक मार्मिक निरीक्षण केले आहे : कास्तिलियनचा भविष्यकाळ लॅटिनच्या भविष्यकाळापासून आलेला नसून तो धातूचे मूळ रूप आणि ‘असणे, जवळ बाळगणे’ या अर्थाच्या क्रियापदाचा वर्तमानकाळ यांच्या संयोगाने बनला आहे. ‘मी गाईन’ हे सांगण्यासाठी लॅटिनमध्ये ‘कांताबो’. परंतु लोक म्हणू लागले ‘कांतारे हाबेओ’, आणि त्यातून स्पॅनिश ‘कांतारे’, इटालियन ‘कांतेरो’, फ्रेंच ‘शांतरे’. लॅटिनच्या व्याकरणात आयुष्य घालविलेल्या पंडिताला लॅटिनमध्ये नसलेली गोष्ट दिसली, याचे श्रेय त्याच्या मातृभाषेच्या जाणिवेला दिले पाहिजे.

फ्रान्समध्ये पोर-रोयालच्या शिक्षकांनी तोच मार्ग धरला. तोपर्यंत मुलांना लॅटिनचे नियम लॅटिन पद्यातूनच पाठ करावे लागत. म्हणजे जी भाषा येत नाही तिच्यातूनच ती शिकावयाची. क्लोद लांस्लो याने १६४४ साली लॅटिन शिकविण्याची नवी पद्धत प्रसिद्ध केली, तीत नियम फ्रेंच पद्यात घातले. १६६० साली त्याने इटालियन आणि स्पॅनिश या भाषांसाठीही तशीच पुस्तके काढली, आणि त्याच वर्षी आंत्वान आर्नो याच्या सहकार्याने सुप्रसिद्ध ‘सामान्य व्याकरण’ लिहिले. लांस्लोच्या मनात या सर्व भाषा एकाच तार्किक चौकटीत बसत होत्या. ती चौकट लॅटिन व्याकरणावरून घेतलेली होती, हा त्या काळाचा मोठा गुण आणि तेवढाच मोठा दोष.

या चौकटीचा प्रवास आपल्या किनाऱ्यापर्यंत झालेला आहे. जेझुइटांच्या विद्यालयांत मानुएल आल्व्हारेश याचे १५७२ चे लॅटिन व्याकरण लावलेले असे. १५७९ साली गोव्यास आलेला थॉमस स्टीफन्स हा इंग्रज या शिक्षणपरंपरेतून घडला होता. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने येथील भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिन यांच्याशी मिळतीजुळती असल्याचे नमूद केले. त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूर येथे छापलेले कोकणीचे व्याकरण पोर्तुगीज भाषेत आहे, आणि त्याची मांडणी लॅटिन व्याकरणाची आहे. लॅटिनमुळे त्याला पोर्तुगीज किती सुलभ झाली हे सांगता येत नाही. परंतु कोणत्याही भाषेपुढे कोणते प्रश्न ठेवावयाचे, नाम कसे चालते, क्रियापदाचे काळ किती, कर्ता-कर्म कशाने ओळखावे, हे त्याला लॅटिनने शिकविले होते. हे साह्य खरेच आहे. मात्र ते रोमान्स भाषांपुरते नाही, आणि ज्याने संस्कृत किंवा अरबी व्याकरण नीट अभ्यासले आहे त्यालाही ते तितकेच मिळते. लॅटिनच्या समर्थकांनी या सर्वसामान्य लाभाचा आणि रोमान्स भाषांशी असलेल्या विशिष्ट नात्याचा घोटाळा वारंवार केलेला आढळतो.

आता त्या विशिष्ट नात्याकडे वळले पाहिजे. लॅटिन जाणणारा फ्रेंच अथवा स्पॅनिश पुस्तक उघडतो तेव्हा पानावरील अर्धेअधिक शब्द त्याला ओळखीचे वाटतात. ही ओळख खोटी नव्हे. परंतु ते शब्द कोणते, हे तपासून पाहिले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट दिसते. प्राकृत वैयाकरणांनी केलेला तत्सम-तद्भव हा भेद रोमान्स भाषांना जितका चपखल लागू पडतो, तितका तो क्वचितच अन्य भाषाकुलांना लागू पडत असेल. फ्रेंचमध्ये महिन्याला ‘म्वा’, पण मासिक या अर्थी ‘मांस्युएल’. बोटाला ‘द्वा’, पण बोटासंबंधीचे ते ‘दिझिताल’. पाण्याला ‘ओ’, पण जलचर या अर्थी ‘आक्वातिक’. स्पॅनिशमध्ये दूध ‘लेचे’, दुग्धजन्य ते ‘लाक्तेओ’; रात्र ‘नोचे’, रात्रीचे ते ‘नोक्तुर्नो’; मुलगा ‘इखो’, पुत्रवत् ते ‘फिलिआल’. प्रत्येक जोडीतील पहिला शब्द लोकांच्या तोंडी झिजत आलेला, दुसरा पंडितांनी मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून ग्रंथांतून उचललेला. कधी एकाच लॅटिन शब्दाचे दोन्ही अवतार शेजारी शेजारी नांदतात : ‘काउसा’ पासून ‘शोझ’ म्हणजे वस्तू आणि ‘कोझ’ म्हणजे कारण, ‘फ्रागिलिस’ पासून ‘फ्रेल’ आणि ‘फ्राझील’. लॅटिनचा विद्यार्थी ओळखतो ते मुख्यतः दुसऱ्या प्रकारचे शब्द. ‘दिगितुस’ पाठ केलेल्या मनुष्याला ‘दिझिताल’ आपोआप कळते. नुसते ‘द्वा’ हे ऐकून त्याला बोटाची आठवण होण्याचे काहीच कारण नाही.

याहून लक्षणीय प्रकार म्हणजे जेथे लॅटिनचा अभिजात शब्द बोलीतून नाहीसाच झाला. घोडा या अर्थी लॅटिन ‘एक्वुस’. रोमान्स भाषांनी उचलला तो ‘काबाल्लुस’ हा हलका शब्द, आणि त्यातून फ्रेंच ‘शव्हाल’, इटालियन ‘काव्हाल्लो’ निघाले. (घोडीला मात्र स्पॅनिशमध्ये ‘येग्वा’ म्हणतात, तो ‘एक्वा’चाच वंशज. घोडा गेला, घोडी राहिली.) अग्नी या अर्थीचा ‘इग्निस’ विझला आणि चुलीचा वाचक ‘फोकुस’ पेटला : इटालियन ‘फ्वोको’, स्पॅनिश ‘फ्वेगो’, रुमानियन ‘फोक’. तोंड म्हणजे ‘ओस’ जाऊन गालाचा वाचक ‘बुक्का’ आला. डोके म्हणजे ‘कापुत’. फ्रान्स व इटलीत त्याची जागा ‘तेस्ता’ने, म्हणजे मडक्याने घेतली. बोलणे या अर्थीचा ‘लोक्वी’ कोठेच उरला नाही. दृष्टान्त या अर्थाच्या ‘पाराबोला’ पासून फ्रेंच ‘पार्ले’, आणि गोष्टी सांगणे या अर्थाच्या ‘फाबुलारी’ पासून स्पॅनिश ‘आब्लार’ आणि पोर्तुगीज ‘फालार’. खाणे, विकत घेणे, सुंदर, मोठा, नगर, मांजर : दैनंदिन व्यवहाराच्या पहिल्या शेदोनशे शब्दांत असे किती निघतात, हे मोजू जाणाऱ्यास आश्चर्य वाटल्याशिवाय राहत नाही. सिसेरो वाचलेला पाहुणा पॅरिसच्या खानावळीत घोडा, आग, तोंड, डोके, खाणे आणि बोलणे यांपैकी एकही शब्द लॅटिनच्या बळावर सांगू शकणार नाही.

परंतु तोच पाहुणा ग्रंथालयात गेला की चित्र पालटते. घोडा ‘शव्हाल’ असला तरी अश्वारोहणासंबंधीचे ते ‘एकेस्त्र’; तोंड ‘बूश’ असले तरी मौखिक ते ‘ओराल’; शहर ‘व्हील’, पण नागरी ते ‘युर्बां’; आंधळा ‘आव्हग्ल’, पण अंधत्व ‘सेसिते’. बोलीत मेलेले शब्द विद्वानांनी ग्रंथांत पुन्हा जिवंत केले. मराठीत घोडा आणि अश्वशक्ती, तोंड आणि मौखिक ही व्यवस्था आहे तशीच ही. तोंड हा शब्दसुद्धा चोच या अर्थाच्या ‘तुण्ड’ पासून आला आहे. गालाचे तोंड करणाऱ्या रोमन शिपायांची आणि आपल्या पूर्वजांची विनोदबुद्धी एकाच जातीची दिसते. तेव्हा लॅटिनचे शब्दविषयक साह्य हे बव्हंशी तत्सम थराचे साह्य आहे. कायदा, वैद्यक, तत्त्वज्ञान, टीका यांवरील फ्रेंच ग्रंथ वाचावयाचे असतील तर ते अमोल आहे. भाजी विकत घ्यावयाची असेल तर शून्यवत्. मिलच्या वर्गातील लोक परभाषा मुख्यतः ग्रंथांसाठीच शिकत, ही गोष्ट त्याच्या हिशेबात गृहीत धरलेली होती.

व्याकरणाच्या बाबतीत जमाखर्च आणखी प्रतिकूल निघतो. लॅटिन शिकणाऱ्याची पहिली दोन वर्षे कशात जातात? पाच प्रकारची नामे सहा विभक्तींत चालविण्यात, नपुंसकलिंग सांभाळण्यात, कर्मणि प्रयोगाचे प्रत्यय पाठ करण्यात, आणि कर्ता वाक्याच्या आरंभी, कर्म मध्ये आणि क्रियापद अखेरीस विखुरलेले असता त्यांचा मेळ घालण्यात. नेमक्या याच गोष्टी रोमान्स भाषांनी टाकून दिल्या. विभक्ती फ्रेंचमध्ये दोन उरल्या होत्या, त्याही मध्ययुगाबरोबर संपल्या; रुमानियनमध्ये तेवढे अवशेष आहेत. उलट, जे शिकावयाचे ते लॅटिनमध्ये नाही : नामापूर्वीची उपपदे, संबंधदर्शक अव्ययांचे सूक्ष्म उपयोग, दोन क्रियापदांनी बनलेले भूतकाळ. क्रियापदांच्या पुरुषवाचक प्रत्ययांत मात्र लॅटिनचा वारसा स्पष्ट आहे, विशेषतः स्पॅनिश व इटालियनमध्ये, आणि तेथे तिचा विद्यार्थी खरोखर पुढे असतो.

कारण कळणे आणि रूप जिभेवर येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. स्पॅनिशमध्ये चांगला म्हणजे ‘ब्वेनो’ आणि चांगुलपणा म्हणजे ‘बोंदाद’. हा ‘ब्वे’ आणि ‘बो’ यांतील फेर ऱ्हस्व ‘ओ’वरील आघातामुळे पडतो, हे लॅटिन ‘बोनुस’वरून समजते. दीर्घ ‘ओ’ असलेला ‘कोरोना’ हा शब्द तसाच राहिला, तोही त्याच कारणाने. परंतु ज्या शाळांत लॅटिन शिकविली गेली, त्यांपैकी फार थोड्यांत स्वरांचे ऱ्हस्वदीर्घत्व कानाने शिकविले जाई. प्रत्येक राष्ट्राने लॅटिनला आपल्या भाषेचा उच्चार चढविला होता. इरास्मसने १५२८ साली उच्चारावर लिहिलेल्या संवादात मॅक्सिमिलियनच्या दरबारातील एक प्रसंग वर्णिला आहे : निरनिराळ्या देशांच्या वकिलांनी लॅटिनमधून भाषणे केली आणि प्रत्येक जण आपली मातृभाषाच बोलतो आहे असे ऐकणाऱ्यांना वाटले. अशा लॅटिनवरून रोमान्स उच्चाराची नियमितता उलगडणे शक्यच नव्हते.

किंबहुना लॅटिनच्या ज्ञानाने खुद्द फ्रेंच पंडितांचीही दिशाभूल केली. मध्ययुगात बोट ‘द्वा’ हा शब्द ‘ग’ न घालता लिहीत. ‘दिगितुस’ आठवून लेखकांनी त्यात न उच्चारला जाणारा ‘ग’ घातला. वजन या अर्थी ‘प्वा’ हा शब्द ‘पेन्सुम’ पासून आला असता ‘पोंदुस’ची कल्पना करून त्यात ‘द’ घुसविला, आणि तो आजही तेथे आहे. ‘साव्हवार’ म्हणजे जाणणे, हा शब्द चव घेणे या अर्थाच्या ‘सापेरे’चा, पण तो ‘स्कीरे’चा समजून दीर्घकाळ त्यात ‘क’ दर्शविणारे अक्षर लिहिले जात होते. फ्रेंच शुद्धलेखन लॅटिन जाणणाऱ्याला सोपे वाटते याचे एक कारण हे की, ते लॅटिन जाणणाऱ्यांनीच इतरांसाठी अवघड करून ठेविले आहे.

या सर्व गोष्टींची शास्त्रशुद्ध उकल एकोणिसाव्या शतकात झाली. रेनुआर याची कल्पना अशी की, लॅटिन आणि अर्वाचीन भाषा यांच्यामध्ये प्रोव्हान्सालसदृश एकच रोमान्स भाषा होती. फ्रीडरिख दीत्स याच्या १८३६ पासून निघालेल्या तुलनात्मक व्याकरणाने ती बाद केली आणि प्रत्येक भाषेचा उगम बोली लॅटिनमध्ये दाखविला. शुखार्ट याने १८६६ ते १८६८ या काळात त्या बोली लॅटिनच्या स्वरांचा इतिहास लिहिला. मायर-ल्युब्के याच्या व्युत्पत्तिकोशात अनेक मूळ शब्दांवर तारांकित खूण आहे. म्हणजे ते शब्द कोणत्याही लॅटिन ग्रंथात सापडत नाहीत, कन्याभाषांवरून मातेची रूपे कल्पावी लागतात. येथे फ्रँक्लिनचा जिना शास्त्रात आला असे म्हणता येईल. ज्यूल ब्लॉक याने मराठीच्या घडणीवर १९२० साली प्रसिद्ध केलेला प्रबंध याच वातावरणात वाढलेल्या फ्रेंच विद्वानाचा आहे. मराठी शब्दांपासून थेट संस्कृतकडे उडी न मारता मधल्या प्राकृतांचा माग काढण्याची त्याची शिस्त दीत्सच्या परंपरेशी जुळणारी आहे. संशोधकाला लॅटिन अपरिहार्य आहे याविषयी कोणाचेच दुमत नाही. परंतु ही अपरिहार्यता शोधाची आहे, भाषा बोलावयास शिकण्याची नव्हे.

विसाव्या शतकात वादाचे स्थान ग्रंथालयातून शिक्षणखात्यात गेले, आणि तासिकांचा व शिक्षकांच्या नेमणुकांचा प्रश्न असल्यामुळे त्याला धार आली. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी १९०१ साली दाखवून दिले की, एका विषयात मिळविलेले कौशल्य दुसऱ्या विषयात उतरते ते दोहोंत समान घटक असतील तेवढ्यापुरतेच. लॅटिनने बुद्धीला सर्वसामान्य व्यायाम घडतो हा जुना बचाव यामुळे लंगडा पडला, आणि समर्थकांनी अधिकाधिक भर दिला तो अर्वाचीन भाषांना होणाऱ्या साह्यावर. फ्रान्समध्ये १९०२ च्या सुधारणेने लॅटिनविरहित शाखेला समान दर्जा मिळाला. डॉक्टरेटसाठी लॅटिनमध्ये दुय्यम प्रबंध लिहिण्याची सक्ती १९०३ साली गेली. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांनी प्रवेशासाठी असलेली लॅटिनची सक्ती १९६० साली सोडली. १९६८ च्या उठावानंतर फ्रान्सचे शिक्षणमंत्री एद्गार फोर यांनी माध्यमिक शिक्षणाच्या पहिल्या वर्गातून लॅटिन काढून टाकली.

मिलच्या हिशेबाची थेट परीक्षा मात्र २००३ साली प्रसिद्ध झाली. लुडविग हाग आणि एल्सबेट श्टेर्न यांनी जर्मन मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांचे दोन तुल्य गट घेतले. एकाने शाळेत दुसरी परभाषा म्हणून लॅटिन घेतली होती, दुसऱ्याने फ्रेंच. दोघांनाही स्पॅनिश शिकविण्यात आली. अखेरच्या परीक्षेत फ्रेंच गटाच्या व्याकरणाच्या चुका स्पष्टपणे कमी निघाल्या. शब्दांच्या बाबतीतही त्यांची बाजू वरचढ होती, परंतु तेथील फरक थोडा होता. हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. वर सांगितलेल्या जमाखर्चाशी ते तंतोतंत जुळते : शब्दांत लॅटिन बहिणीच्या जवळपास टिकाव धरते, व्याकरणात मागे पडते. या प्रयोगावरून लॅटिन निरुपयोगी ठरली, असे काहींनी घाईने म्हटले. तसे ठरत नाही. प्रयोगात मापले गेले ते स्पॅनिशच्या प्रारंभीच्या अवस्थेतील कौशल्य. पाच वर्षांनंतर त्याच विद्यार्थ्यांपुढे न्यायशास्त्रावरील स्पॅनिश ग्रंथ ठेवला असता काय झाले असते, हा निराळा प्रश्न. ठरते ते एवढेच की, ज्याला स्पॅनिश बोलावयाची आहे त्याने त्या निमित्ताने लॅटिनवर वर्षे खर्च करू नयेत. तेवढ्या काळात स्पॅनिशच, अथवा तिची एखादी बहीण शिकावी. ज्याने आधीच दोन रोमान्स भाषा साध्य केल्या आहेत, त्याला मात्र त्यांच्यातील साम्यभेदांची किल्ली लॅटिनखेरीज अन्यत्र मिळणार नाही, आणि ती मिळविणे त्याला पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे जाईल.

हा क्रम शालेय शिक्षणात आणण्याचा एक प्रयत्न इटलीत झाला, आणि त्याची नोंद घेणे अगत्याचे आहे. ३१ डिसेंबर १९६२ च्या कायद्याने तेथे अकरा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलांसाठी एकच माध्यमिक शाळा निर्माण झाली. तोपर्यंत लॅटिन असलेल्या शाळेत गेलेला मुलगा पुढे विद्यापीठात जाई आणि लॅटिन नसलेल्या शाळेतला कारखान्यात. लॅटिन ही भाषेपेक्षा वेशीचा दरवाजा झाली होती, त्यामुळे संसदेतील भांडण व्याकरणाचे नव्हते. तडजोड अशी निघाली की, दुसऱ्या वर्षी इटालियनच्या तासालाच लॅटिनची मूलतत्त्वे जोडावीत, हेतू हा की दोन भाषांतील साम्य आणि भेद मुलांच्या दृष्टीस यावेत. तिसऱ्या वर्षी लॅटिन ऐच्छिक असावी, परंतु अभिजात विद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्याने तीत उत्तीर्ण व्हावे. मुलाच्या तोंडची भाषा आधी आणि तिच्या शेजारी तिची माता, ही मांडणी नेब्रिहाला रुचली असती. ती पंधरा वर्षेच टिकली. १९७७ च्या कायद्याने या शाळेतील लॅटिनचे स्वतंत्र स्थान रद्द केले, आणि इटालियनचे अध्यापन तिच्या लॅटिन उगमाचा व ऐतिहासिक विकासाचा निर्देश करून अधिक बळकट करावे, असे कलम त्याच कायद्यात घातले. तो निर्देश किती करावयाचा, हे शिक्षकावर सोपविले गेले.